हवेत विमानाचं दार उघडलं तर आधी दाराला हात लावू नका

मे महिन्यातली सकाळ, सव्वासहा झाले असतील. मराठवाड्यातलीच एक धावपट्टी, नाव जाऊ द्या. सेसना १७२ हे छोटं विमान, डावीकडं मी शिकाऊ, उजवीकडं आमचे सर, हवाई दलातून रिटायर झालेले, मूळचे अंबाजोगाईकडचे. टेकऑफ मस्त झाला, जमिनीपासून दोन-अडीचशे फूट वर गेलो असू आणि धाडकन आवाज होऊन माझ्या बाजूचं दार उघडलं. हेडसेट घालून बी काही सुधरेना एवढा वारा, मांडीवरची चेकलिस्ट उडून मागच्या सीटवर, डोळ्यात धूळ, आणि मी काय केलं तर डाव्या हातानं दाराचं हँडल धरून जीव खाऊन ओढायला लागलो.

आता गंमत बघा. माणूस एका हातानं जोरात ओढायला लागला की दुसरा हात आपोआप आधार शोधतो, आणि माझा दुसरा हात योकवर, म्हणजे विमानाच्या स्टिअरिंगवर होता. म्हणजे दारासोबत मी योक पण मागं ओढायलो होतो, नाक वर, स्पीड ७४ नॉटवरून (नॉट म्हणजे विमानाच्या वेगाचं माप) ५८ वर आला आणि स्टॉलचा, म्हणजे पंखाचा आधार सुटायच्या आधी वाजणारा हॉर्न पींऽऽ करून रडायला लागला. सरांनी ओरडाओरडा केला नाही, दोन बोटांनी योक पुढं ढकललं आणि म्हणले, "दार गेलं तेल लावत, इमान उडव आधी."

खाली आल्यावर चहा पाजला आणि विचारलं, "आरं, काळीपिवळीचं दार कधी नीट लागलेलं बघितलंस का? तरी ती अंबाजोगाईला पोहोचतीच ना?"

हे सगळं एवढ्यासाठी सांगायलोय की छोट्या विमानात दार उघडणं ही लई साधी भानगड आहे आणि तरी त्यात माणसं मरतात, कारण दार सोडून सगळं विसरतात. सेसनाच्या दाराच्या बिजागऱ्या पुढच्या बाजूला असतात, म्हणून समोरचा वारा ते दार बंदच करायला बघतो. पण बाहेरून घासून जाणाऱ्या हवेचा दाब कमी असतो, तो दाराला बाहेर ओढतो, आणि या ओढाताणीत दार दोन-तीन इंच उघडं राहून फडफडत बसतं. तुटून पडत नाही, पट्टा लावलेला असेल तर तुम्ही पण पडत नाही, विमान तसंच उडतं. निस्ता आवाज.

मग करायचं काय? चाकं अजून जमिनीवर आहेत आणि पुढं धावपट्टी भरपूर शिल्लक आहे तर पॉवर काढा, ब्रेक लावा, थांबा, यात लाज कसली. चाकं उचलली असतील तर दाराकडं बघायचंच नाही. नाक जिथं पाहिजे तिथं, स्पीड जेवढा पाहिजे तेवढा, पंख सरळ, आणि सर्किटच्या (धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीच्या) उंचीपर्यंत वर जा. शेजारी मामा नाहीतर मेहुणे बसले असतील तर ते "आगं माय" करून तुमचा दंड धरणार हे गृहीत धरा, त्यांना एकच वाक्य सांगा, पट्टा आवळा आणि दाराला हात लावू नका. त्यातून नेहमीचं सर्किट मारून नेहमीच्याच स्पीडनं उतरा. घाई करून धावपट्टी खूप वर दिसेपर्यंत खाली येणारे आणि भीतीनं जास्त स्पीडनं येऊन अर्धी पट्टी खाणारे, दोन्ही नमुने मी बघितलेत.

लांब जायचंय आणि आवाज सहनच होत नाही तर १७२ च्या हँडबुकातली रीत अशी, पुरेशा उंचीवर विमान ७५ नॉटच्या आसपास ट्रिम करायचं (योक न ओढता तोच स्पीड टिकेल असं लावायचं), खिडकी उघडायची म्हणजे आतला-बाहेरचा दाब जरा जुळतो, दार थोडं बाहेर ढकलायचं आणि मग जोरात ओढून घ्यायचं. शेजारी दुसरं कुणी योक धरणारं असेल तर बरं. पायपर कंपनीच्या, पंख खाली असलेल्या विमानांत दाराला वर अजून एक कडी असते, तीच विसरलेली असते बहुतेक वेळा, त्याची रीत त्याच्या हँडबुकात बघा, सेसनाची तिथं चालवू नका.

आणि आपल्याकडच्या उन्हाळ्याचं एक. चिकलठाण्याची उंची समुद्रसपाटीपासून साधारण १,९०० फूट, पण दुपारी ४१ डिग्री असताना हवा एवढी पातळ होते की विमानाला ती साडेपाच हजार फुटांवरची वाटते. म्हणजे इंजिन दमलेलं, चढण कमी, आणि त्यात तुम्ही दाराच्या नादात दहा नॉट घालवले तर ते परत कमवायला जागाच नसते. म्हणून आमचे सर मे महिन्यात साडेनऊ झाले की विमान बांधून ठेवायला लावायचे.

दुसरी आपल्याकडची भानगड म्हणजे कुंभारमाशी. ती चिखल आणून जिथं बारीक भोक दिसेल तिथं घर करते, नळाच्या तोंडात, कुलपात, आणि पंखाखालच्या पिटो ट्यूबमध्ये पण. स्पीड दाखवणाऱ्या काट्याला हवा तिथूनच मिळते. हसण्यावारी नेऊ नका, १९९६ साली डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये बोइंग ७५७ समुद्रात पडून १८९ माणसं गेली, तिथं पिटो ट्यूब बंद होती आणि तपासवाल्यांचा संशय अशाच माशीच्या घरट्यावर होता. विमान उभं केलं की लाल कव्हर घाला, उडायच्या आधी काढा, आणि टेकऑफच्या धावेत स्पीडचा काटा हलतोय का ते तोंडानं म्हणून बघा. हलला नाही तर तिथंच थांबायचं. ट्यूबमध्ये फुंकर मारून साफ करायची हुशारी नको, काटा खराब होतो, मेकॅनिकला बोलवा.

वर गेल्यावर काटा मेला तर? नाक क्षितिजाच्या किती खाली आणि इंजिन किती आरपीएमवर, या दोन गोष्टी ठरल्या की स्पीड ठरतोच. आमच्या विमानाला २,३०० आरपीएमवर सरळ उडताना शंभरच्या आसपास यायचा. हे आकडे आपापल्या विमानाचे असतात, काटा चांगला असतानाच वहीत लिहून ठेवा.

रेडिओ गेला तर निम्म्या वेळा हेडसेटची पिन निसटलेली असते नाहीतर आवाजाचं बटन गुडघ्यानं फिरलेलं असतं, आधी ते बघा. खरंच गेला असेल तर ट्रान्सपाँडरवर (रडारला आपली ओळख सांगणाऱ्या यंत्रावर) ७६००, म्हणजे रेडिओ बंद असल्याची खूण, आणि टॉवर असेल तिथं टॉवरच्या दिव्याकडं बघा, स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घाला, लुकलुकता लाल म्हणजे इथं उतरू नका.

आता इंजिन. टेकऑफ होता होता बंद पडलं आणि उंची कमी असेल तर मागं वळून धावपट्टीवर यायचा मोह सोडा. त्या वळणात लई जण गेलेत. समोर, नाहीतर समोरच्या डाव्या-उजव्या अंगाला जे रान असेल तिथं. वर उंचीवर बंद पडलं तर वेळ असतो. ग्लाइडचा स्पीड धरा, १७२ मध्ये मॉडेलप्रमाणे ६५ ते ६८ नॉट, मग हजार फुटांमागं अडीच-पावणेतीन किलोमीटर जाता येतं. तेवढ्यात रान निवडा आणि त्यानंतरच इंजिन परत चालू करायला बघा, फ्युएल दोन्ही टाकीवर, मिक्श्चर रिच (हवेत पेट्रोल जास्त), जुन्या इंजिनला कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा), नव्याला फ्युएल पंप, मॅग्नेटो (ठिणगी देणारे) बोथ. जमलं तर रेडिओवर १२१.५ या संकटाच्या फ्रिक्वेन्सीवर मेडे (मदतीची हाक) आणि ट्रान्सपाँडरवर ७७००, संकटाची खूण. आमच्यातला एकजण मेडेचं वाक्य मनात जुळवत बसला आणि तेवढ्यात त्याचं सगळ्यात चांगलं रान मागं पडलं. ट्रेनिंगच होती म्हणून बरं.

रान निवडताना एक लक्षात घ्या, मराठवाड्याचं रान वरून दिसतं तसं खाली नसतं. ऊस वरून मऊ गादीसारखा दिसतो पण डोक्याच्या वर गेलेला असतो, त्याच्या शेंड्यावर विमान बसलं की नाक घालून खाली जातं. वेचणी झालेली पऱ्हाटी म्हणजे काठ्याच काठ्या. काळी माती पाऊस झाल्यावर पुढचं चाक गिळते आणि मे महिन्यात त्याच मातीला पंजा जाईल एवढ्या भेगा असतात. काढणी झालेलं सोयाबीन नाहीतर हरभऱ्याचं मोकळं रान सापडलं तर देवच पावला समजा. नांगरलेलं असेल तर तासाच्या दिशेनं उतरा, आडवं नाही. बांध आडवा येणार नाही असं लांब अंग बघा, आपल्याकडं वाटण्या होऊन होऊन रानाचे तुकडे झालेत, दोन एकराच्या पट्टीत विमान मावत नाही. तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. विहीर दिसली की मोटरची लाइन कुठूनतरी तिथं येतेच (आता सोलर आलेत, पण भरोसा ठेवू नका). हायवे सरळ दिसतो खरा, पण उसाच्या ट्रॉल्या आणि आडव्या तारा, माझं मत विचाराल तर रान बरं.

वारा कुठून आहे ते पेटवलेल्या पाचटाच्या धुरावरून कळतं, ट्रॅक्टरमागच्या धुळीवरून कळतं, तळ्यावर ज्या काठाला पाणी शांत दिसतं वारा तिकडून येतोय. वाऱ्याला तोंड करून, फ्लॅप (पंखाच्या मागच्या खाली येणाऱ्या पट्ट्या) पूर्ण, शेवटच्या क्षणापर्यंत योक मागं घेत जेवढं हळू टेकता येईल तेवढं हळू. ६५ नॉटनं धडकलं तर ४५ च्या दुप्पट मार बसतो, हा हिशोब डोक्यात ठेवा.

आणि टेकायच्या आधी फ्युएल बंद, मॅग्नेटो बंद, फ्लॅप लागले की मास्टर (विजेचं मुख्य बटन) बंद, आणि दारं उघडा. हो, तीच दारं. फ्रेम वाकली की दार आत अडकतं आणि बाहेर पडता येत नाही, म्हणून कडी काढून फटीत जॅकेट नाहीतर बूट अडकवायचा. पहिल्यांदा सरांनी हे करायला लावलं तेव्हा मी त्यांच्याकडं बघतच राहिलो, ज्या दारानं घाम फोडला होता ते आता आपल्याच हातानं उघडायचं.

थांबल्यावर सगळे बाहेर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला लांब. फोन लागत असेल तर ११२. पाच मिनिटांत अर्धा गाव जमा होतो, माणसं जीव लावतात, पाणी आणतात, पण पंखातून पेट्रोल ठिबकत असतं आणि जमलेल्यांत एखादे आजोबा हमखास बिडी पेटवायच्या तयारीत असतात. त्यांना हात जोडून सांगा, "बाबा, काडी ओढू नका," आणि दोन तरण्या पोरांना पुढं उभं करा की कुणाला जवळ येऊ देऊ नका. जखमी काढण्यापुरतंच विमानाला हात लावायचा, ओढून बांधावर न्यायचं नाही, कारण नंतर डीजीसीए (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) आणि अपघात तपासणारा ब्युरो येतो तेव्हा ते जसं पडलंय तसंच लागतं, हे पोलीस पाटलांना पण सांगून ठेवा.