जुन्या ट्रॅक्टरला सीलबंद बॅटरी घेताय? आधी डायनामोचं चार्जिंग मोजा

महिंद्राचा बी-२७५, एचएमटीचा झेटर २५११, फोर्ड ३६००, जुनं मॅसी १०३५ असं काही ज्यांच्याकडे अजून चालू आहे किंवा नीट करून ठेवलंय त्यांच्यासाठी लिहितोय. दुकानात गेलं की आजकाल सरळ सांगतात, सीलबंद घ्या, पाणी टाकायची कटकट नाही. बॅटरी म्हणून ती चांगलीच असते, पण जुन्या ट्रॅक्टरवर ती टिकणार का हे बॅटरीपेक्षा तुमच्या चार्जिंगवर ठरतं, आणि ते घ्यायच्या आधी कुणी मोजतच नाही.

कारण काय, तर साठ-सत्तरच्या दशकातल्या ट्रॅक्टरवर बॅटरी चार्ज करणारा डायनामो आणि त्याच्या व्होल्टवर ताबा ठेवणारा पत्र्याच्या डबीतला कटआऊट असायचा, आतमध्ये कॉइल, स्प्रिंग आणि पॉइंट. तो वर्षानुवर्षं धुळीत, थरथरीत राहून कधी जास्त व्होल्ट सोडतो कधी कमी. साध्या बॅटरीत जास्त चार्जिंग झालं की पाणी उडतं, आपण डिस्टिल वॉटर टाकतो, विषय संपला. सीलबंदमध्ये उडालेलं पाणी परत टाकताच येत नाही, ती आतून सुकते आणि मग एक दिवस अचानक सेल्फ घेत नाही, आणि आपण म्हणतो बॅटरी खराब निघाली.

म्हणून पहिलं काम, एक साधा डिजिटल मीटर घ्या. जुनी का होईना पण चार्ज असलेली बॅटरी लावून ट्रॅक्टर चालू करा, दहा-पंधरा मिनिटं मध्यम रेसवर चालू द्या, लाइट बंद ठेवा आणि मीटरच्या वायरी थेट बॅटरीच्या पोस्टवर लावा, लगवर (वायरच्या टोकाच्या पकडीवर) नको, पोस्टवरच. १३.८ ते १४.५ च्या आसपास दिसलं तर निर्धास्त सीलबंद घ्या. १४.८ च्या वर जातंय तर आधी कटआऊट सेट करून घ्या किंवा बदला, तोपर्यंत नवीन बॅटरीला पैसे घालू नका. १३.५ च्या खाली राहतंय तरी अडचणच, कारण आजच्या कॅल्शियम प्लेटच्या बॅटऱ्यांना पूर्ण भरायला जरा जास्त व्होल्ट लागतात, त्या अर्धवट चार्ज राहून प्लेटांवर सल्फेटचा थर धरतात. ज्यांनी डायनामोऐवजी अल्टरनेटर बसवून घेतलाय त्यांचं हे काम बरंच सोपं झालेलं असतं, तरी एकदा मोजाच.

आता प्रकार. दुकानात एसएमएफ (सील्ड मेंटेनन्स फ्री) हा शब्द दोन वेगळ्या वस्तूंना वापरतात आणि इथेच लोक फसतात. एक असते गाडीची मेंटेनन्स फ्री, म्हणजे आत पातळ ॲसिडच पण झाकण बंद. दुसरी यूपीएसची एसएमएफ, सोलर आणि कॉम्प्युटरला लावतात ती. यूपीएसवाली ट्रॅक्टरला लावू नका, कितीही स्वस्त मिळाली तरी. ती हळूहळू करंट द्यायला बनवलेली असते आणि डिझेल इंजिनाचा सेल्फ दोनशे-तीनशे अँपियर खेचतो, पहिल्या झटक्याला तर त्याहून जास्त. जेल बॅटरीचं (आत ॲसिड जेलीसारखं घट्ट असतं ती) तेच, आणि तिला जास्त व्होल्ट तर अजिबात सोसत नाहीत. इन्व्हर्टरची ट्युब्युलरही नको.

राहिली एजीएम. हिच्यात ॲसिड काचेच्या तंतूंच्या मॅटमध्ये शोषलेलं असतं आणि प्लेटा दाबून बसवलेल्या असतात, त्यामुळे हादऱ्यात प्लेट लवकर सैल होत नाही, आणि नांगरटीच्या ट्रॅक्टरला हादरे किती बसतात ते सांगायला नको. महिनोन्महिने उभी राहिली तरी कमी उतरते. पण महाग आहे, आणि उष्णता तिलाही आवडत नाही. माझं मत विचाराल तर रोज कामाचा ट्रॅक्टर असेल तर साधी मेंटेनन्स फ्री ट्रॅक्टर बॅटरी पुरे, आणि जो ट्रॅक्टर हौसेनं जपलाय, दसऱ्याला पूजेपुरता आणि वर्षातून चार-दोन वेळा बाहेर निघतो, त्याला एजीएम घ्या आणि एजीएम मोड असलेला चार्जर सोबत घ्या.

साइज घेताना फक्त एएच (अँपियर-अवर, म्हणजे साठवण) बघू नका. ३५ एचपीच्या ट्रॅक्टरला साधारण ७५ ते ८८ एएच चालते, पण सेल्फ फिरवायची ताकद सीसीए (थंडीत सेल्फला किती अँपियर देते) या आकड्यात कळते, तो जुन्या बॅटरीपेक्षा कमी नको. ट्रे टेपने मोजून जा, उंचीसकट, कारण बोनेटचा पत्रा पोस्टला टेकला की ठिणगी. प्लसचा पोस्ट कुठल्या बाजूला आहे त्याचा मोबाईलवर फोटो काढून न्या, उलट पोस्टची आणली तर वायर पुरत नाही आणि मग ओढूनताणून जोड लावतात. बनवल्याची तारीख बघा, सहा महिने दुकानात पडलेली नको. विकत घेताना मीटर लावा, १२.६ च्या वर पाहिजे, १२.४ च्या खाली असेल तर दुसरी मागा. वरचा हिरवा डोळा फक्त एकाच सेलचं सांगतो, त्याच्यावर विसंबू नका.

एक गोष्ट खास जुन्या विलायती ट्रॅक्टरवाल्यांसाठी. फर्ग्युसनसारख्या कित्येक ट्रॅक्टरला प्लस अर्थ असतो, म्हणजे प्लसची वायर चासीला. बॅटरीला त्याने काही फरक पडत नाही, पण सवयीने मायनस चासीला जोडला तर डायनामो उलटा पडतो आणि अल्टरनेटर असेल तर त्याचे डायोड जातात. १९४७ ते १९५२ चा अमेरिकेतला फोर्ड ८एन तर ६ व्होल्ट आणि प्लस अर्थ. तिकडे ६ व्होल्टची एजीएम मिळते, आपल्याकडे ६ व्होल्ट सीलबंद म्हणून जी मिळते ती बहुतेक वजनकाट्याची असते, तिने इंजिन फिरणार नाही.

बसवताना जी वायर चासीला आहे ती आधी काढायची आणि शेवटी लावायची, मायनस असो की प्लस, म्हणजे पाना पत्र्याला लागला तरी शॉर्ट होत नाही. अंगठी-कडं काढून ठेवा. क्लॅम्प घट्ट करा, नुसती दोरी बांधू नका. आणि सीलबंद म्हणजे गॅस येतच नाही असं नाही, जास्त चार्ज झाली की व्हॉल्व्हमधून हायड्रोजन सुटतोच, म्हणून सीटखाली कोंदट डब्यात असेल तर हवेला वाट ठेवा.

नवीन बॅटरी लावूनही सेल्फ जड फिरला तर लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरची एक वायर बॅटरीच्या लाइव्ह पोस्टवर (जो चासीला जोडलेला नाही तो), दुसरी सेल्फच्या बोल्टवर धरा, अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर केबल किंवा लग खराब. तसंच अर्थच्या पोस्टपासून इंजिनाच्या बॉडीपर्यंत बघा, रंगावर आवळलेली अर्थिंगची पट्टी हे जुन्या ट्रॅक्टरचं नेहमीचं दुखणं आहे, रंग खरवडून चकाकतं लोखंड काढा, आवळा आणि मग ग्रीस लावा.