रोप ‘ताण सहन करतं’ असं लिहिण्याआधी: प्रयोगातल्या या चुका टाळा

दुष्काळाच्या प्रयोगात पाणी तोडून दहा-बारा दिवस झाले की एका कुंडीतल्या रोपाने मान टाकलेली असते आणि शेजारचं ताठ उभं असतं. लगेच फोटो निघतो, ताठ रोप ‘सहनशील’ ठरतं. माझ्या पहिल्या तुलनेत मीही हेच केलं. मग कुंड्या तोलल्या, तर ताठ रोपाच्या मातीत भरपूर ओल शिल्लक होती. रोप मुळात लहान, पानं कमी, म्हणून पाण्याचा उपसाही कमी. त्याच्यावर ताण आलाच नव्हता. पुढच्या वेळी दोन्ही वाण एकाच कुंडीत लावले आणि दोघांनी बरोबरच माना टाकल्या.

म्हणून दिवस मोजू नका, ओल मोजा. एका कुंडीत दोन्ही रोपं लावणं शक्य नसेल तर रोज कुंड्या तोलून जितकं पाणी उडालं तितकंच भरा आणि सगळ्यांची ओल एकाच पातळीवर ठेवा. पानातलं सापेक्ष पाणी (पान पूर्ण भरलं तर जितकं मावेल त्याच्या तुलनेत आत्ता किती आहे ते) मोजताना वेळही एकच हवी. पहाटेचं आणि दुपारचं पान यांची तुलना होऊ शकत नाही.

मातीऐवजी द्रावणात दुष्काळ निर्माण करायचा असेल तर मॅनिटॉल (साखरेसारखा पदार्थ) किंवा कमी रेणुभाराचं पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) टाळा, ते मुळांत शिरतं. जास्त रेणुभाराचं पीईजी ६००० बरं, पण त्याचं द्रावण दाट असतं आणि त्यात ऑक्सिजन नीट पसरत नाही. हवा खेळती ठेवली नाही तर मुळं गुदमरतात आणि त्या गुदमरण्यालाच आपण दुष्काळ समजतो.

मीठ एकदम ओतू नका

१०० मिलिमोलर (मिलिमोलर हे द्रावणाच्या तीव्रतेचं एकक) म्हणजे लिटरला ५.८४ ग्रॅम मीठ. ते एका दमात दिलं तर मुळांना झटका बसतो आणि आपण त्या झटक्याचाच अभ्यास करत बसतो. रोज २५ किंवा ५० मिलिमोलरने वाढवत न्या. सोडियम वाढला की मुळांना उपलब्ध असलेला कॅल्शियम घटतो, तेव्हा तोही थोडा वाढवावा लागतो. शिवाय सुरुवातीला वाढ खुंटते ती मुख्यतः पाणी ओढणं जड गेल्यामुळे. पानांत सोडियम साठून होणारी इजा नंतर दिसते, तीही आधी जुन्या पानांवर. दोन दिवसांच्या प्रयोगावरून ‘हा वाण सोडियम सहन करतो’ असं म्हणता येत नाही.

टक्का वाढला म्हणजे शोषण वाढलं नाही

ही चूक मी प्रबंधांत सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे, आणि तिच्यामुळे अख्खा निष्कर्ष उलटा होतो. समजा, निरोगी रोपाचं कोरडं वजन २ ग्रॅम आणि त्यात नत्र ३ टक्के, म्हणजे ६० मिलिग्रॅम. ताणातलं रोप १ ग्रॅमचं, नत्र ४ टक्के, म्हणजे ४० मिलिग्रॅम. टक्केवारी पाहणारा लिहितो की ताणात नत्राचं शोषण वाढलं. प्रत्यक्षात ते एक तृतीयांशाने घटलं, फक्त वाढ त्याहून जास्त खुंटल्यामुळे उरलेलं नत्र दाटलं. तक्त्यात प्रमाण, कोरडं वजन आणि एकूण मात्रा हे तिन्ही द्या. मुळांची कार्यक्षमता सांगायची असेल तर ठरावीक काळात मुळांच्या दर ग्रॅममागे किती शोषलं, हेही काढा.

स्फुरदाच्या कमतरतेचा प्रयोग करताना द्रावणातून पोटॅशियम फॉस्फेट वगळलं तर पालाशही जातो. तो पोटॅशियम क्लोराइडने भरून काढा. अगारमध्येही (रोपं वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमात) थोडा स्फुरद असतो, म्हणून ‘शून्य स्फुरद’ बहुधा शून्य नसतो. आणि पूर्ण ताकदीच्या होगलँड द्रावणात (प्रयोगशाळेतलं प्रचलित पोषक द्रावण) स्फुरद १ मिलिमोलर असतो. मातीतल्या पाण्यात तो बहुतेक वेळा काही मायक्रोमोलरच (मिलिमोलरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमोलर) असतो. इतक्या सुबत्तेत वाढलेल्या मुळांवरून शेतातल्या मुळांबद्दल बोलताना जपून.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे केवडा दिसला, तर आणखी लोह ओतण्याआधी सामू तपासा. नायट्रेट शोषताना रोप द्रावणाचा सामू वाढवतं आणि ६.५ च्या वर ईडीटीएची (लोहाला धरून विरघळलेलं ठेवणारं रसायन) लोहावरची पकड सुटत जाते. टाकी उघडी असेल तर प्रकाशानेही ते संयुग मोडतं, म्हणून झाकून ठेवा. उलट पानांच्या विश्लेषणात लोह भलतंच जास्त आलं तर त्याच सॅम्पलमधलं टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम पाहा. तेही वर गेले असतील तर ते लोह पानातलं नाही, पानावरच्या धुळीतलं आहे.

प्रोलीन (ताणात रोपात साठणारं अमिनो आम्ल) वाढलं की रोप सहनशील, असंही समजू नका. अनेकदा जास्त होरपळलेल्या रोपातच ते जास्त असतं.

शेवटी पुनरावृत्तीचं. एका टाकीतली बारा रोपं म्हणजे बारा पुनरावृत्ती नव्हेत. त्यांचं द्रावण एक, सामू एक, हवा एक, म्हणून पुनरावृत्तीही एकच. तीच बारा रोपं चार टाक्यांत तीन-तीन लावा, टाक्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि आकडेमोडीत चार हाच आकडा धरा.