जॉइंट स्टुडिओ करताय? मग निदान या चुका तरी टाळा

प्लॅनिंगच्या कॉलेजांमध्ये हल्ली एक्स्चेंजचं जोरात चालू आहे. जर्मनीची बॅच पुण्यात येते, आपली पोरं तिकडे जातात, दोन आठवड्यांचा जॉइंट स्टुडिओ, म्हणजे दोघांनी मिळून एका जागेचं डिझाइन, होतो, शेवटी ग्रुप फोटो आणि लिंक्डइनवर मोठी पोस्ट. चांगलंच आहे, माझा विरोध वगैरे काही नाही. पण लोकल कोऑर्डिनेटर म्हणून मी हे इतक्या जवळून बघतोय आणि चुका इतक्या त्याच त्याच आहेत, की प्रत्येक बॅचला परत तोंडाची वाफ दवडण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

फेब्रुवारीतली नदी बघून डिझाइन करणे

तिकडचं विंटर सेमिस्टरचं टीचिंग फेब्रुवारीत संपतं, त्यामुळे पाहुणे येणार फेब्रुवारी-मार्चमध्ये. आणि साइट म्हणून मुठा नदी ठरलेलीच. आता त्या दिवसांत पात्र कसं असतं ते पुणेकराला सांगायला नको, मधून एक काळपट ओघळ, कडेला पात्रातला रस्ता, लावलेल्या गाड्या, भिडे पुलावर टू-व्हीलरची रांग. पाहुणे म्हणतात, शहराच्या मधोमध एवढी मोकळी जागा! चौथ्या दिवशी शीटवर अ‍ॅम्फीथिएटर, लाकडी डेक, स्केटपार्क सगळं आलेलं असतं आणि आपली पोरं, जी लहानपणापासून इथंच राहतात, तीसुद्धा "भारी आहे" म्हणत रेंडर मारायला बसतात. अरे, वर खडकवासला धरण आहे ना! विसर्ग वाढवला की भिडे पूल पाण्याखाली जातो, दर पावसाळ्याला ती बातमी येते. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकता नगरीत सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं, लोकांना बोटीतून बाहेर काढायला लागलं. तो स्केटपार्क कुठे राहिला असता?

पूररेषा दोन असतात. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्याच्या आत बांधकाम करायचंच नसतं. हे थर्ड इयरला शिकवलेलं असतं, पण पाहुण्यांसमोर बोलायला कोणाची जीभ रेटत नाही.

माझ्या स्टुडिओत सेक्शन (उभा छेद) आधी, प्लॅन नंतर. दोन्ही रेषा दाखवलेला नदीचा सेक्शन भिंतीवर लागल्याशिवाय प्लॅनला हात लावायचा नाही. आणि पहिल्या दिवशी नदीवर न्यायचंच नाही, नारायण पेठेत न्यायचं. तिथं एखाद्या म्हाताऱ्या आजोबांना विचारायचं, १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा पाणी कुठवर आलं होतं. ते बोलत बसत नाहीत, उठून भिंतीपाशी जातात आणि काठीने वर दाखवतात. त्या काठीच्या टोकाकडे मान वर करून बघितलं की पोरं डेकबिक आपोआप विसरतात.

याचीच उलटी चूक आपली पोरं जर्मनीत करतात. रुहर भागात गेली की एम्शर नदी बघतात, डॉर्टमुंडचं फीनिक्स तळं बघतात जिथं पूर्वी स्टीलचा कारखाना होता, फोटो काढतात आणि घरी येऊन तोच फोटो मुठेवर चिकटवतात, सायकलवाल्या गोऱ्या माणसासकट. एम्शर शंभरेक वर्षं उघडं गटार होती हे कोणी वाचत नाही. खाली कोळशाच्या खाणी, जमीन खचायची, सांडपाण्याच्या लायनी जमिनीखाली टिकायच्या नाहीत, म्हणून नदीलाच काँक्रीटमध्ये बांधून नाला केलं. खाणी आटोपल्यावर १९९२ पासून काम सुरू झालं, सांडपाण्यासाठी ५१ किलोमीटरचा वेगळा भूमिगत कालवा खणला आणि २०२१ च्या शेवटी नदीत मैलापाणी जायचं थांबलं. खर्च साधारण साडेपाच अब्ज युरो. आणि हे करणारी संस्था १८९९ पासूनची, तिथली गावं आणि उद्योग तिचे सभासद. म्हणजे आधी मैला, मग बाक आणि झाडं. आपल्याकडे बाकापासून सुरुवात करायची फार घाई असते, आणि ती फक्त विद्यार्थ्यांनाच असते असंही नाही.

वस्तीत जाऊन दारांवर नंबर टाकणे

हे सविस्तर सांगतो, कारण यात पोरं मार खाता खाता वाचली. कॉलेजचं नाव घेत नाही. पुण्यातल्याच एका वस्तीत हाउसहोल्ड सर्व्हे चालू होता, मिक्स ग्रुप, गळ्यात सारखी आयकार्डं, हातात लेझर मीटर. त्यातला एक जर्मन मुलगा फार शिस्तीचा. फॉर्म आणि घर यांचा घोळ नको म्हणून त्याने खडूने प्रत्येक दारावर नंबर टाकायला घेतले. ए-१, ए-२, ए-३. सोबतच्या आपल्या पोरांनी त्याला अडवलं नाही, उलट एक जण खडू पुरवत होता.

आता एसआरएचा, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाचा, सर्व्हे होतो तेव्हाही झोपड्यांना नंबर पडतात, त्यावरून परिशिष्ट दोन बनतं, म्हणजे कोण पात्र आणि कोण अपात्र याची यादी. १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा असेल तर घर फुकट, त्यानंतर २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून. त्यामुळे दारावर नंबर पडणं म्हणजे काय असतं हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तासाभरात फोन फिरले. जे घरमालक खोली भाड्याने देऊन दुसरीकडे राहतात ते रिक्षा करून हजर, हातात कॅरीबॅग, त्यात रेशनकार्ड, लाइट बिलं, जुने फोटोपास. भाडेकरूंना दम, "तू बाहेर थांब, काही बोलू नकोस." एक मावशी दुपारी धुण्याभांड्याला गेल्या होत्या, त्यांच्या दाराला कुलूप, म्हणून त्यांचं दार सोडून पुढचं धरलेलं. त्या परत आल्या, दोन्ही बाजूंना नंबर आणि आपलंच दार कोरं. "बत्तीस वर्षं राहते मी इथं, माझंच घर कसं काय गाळलं?" ग्रुपमधल्या एका मुलीच्या हाताला धरून त्यांनी आधी नंबर लिहून घेतला, मगच पाणी प्यायल्या.

खरी मजा पुढे आहे. एव्हाना कार्यकर्ते आले, कुठल्या बिल्डरने पाठवलंय म्हणून आरडाओरडा सुरू झाला. त्या शिस्तीच्या मुलाला वाटलं, दारं खराब केली म्हणून लोक चिडलेत. त्याने बिचाऱ्याने ओलं फडकं घेतलं आणि नंबर पुसायला लागला. झालं! नंबर पुसला म्हणजे नाव कापलं. तिथून पुढे जे पेटलं ते रात्री समाजमंदिरात बसून, माजी नगरसेवकांना मध्ये घेऊन निस्तरावं लागलं. कन्सेंट फॉर्म होता ना खिशात, चांगला चार पानी, इंग्रजीत.

म्हणून माझ्याकडे पहिले दोन दिवस टेप नाही, लेझर नाही, फॉर्म नाही. बालवाडीच्या ताई किंवा बचत गटातली कोणी सोबत घ्यायची, तिच्यामागून फिरायचं, चहा देतील तो घ्यायचा. कॉलेजच्या लेटरहेडवर मराठीत एक कागद, आणि त्यात पहिलीच ओळ मोठ्या अक्षरात: याचा एसआरएशी काही संबंध नाही, यातून कोणाला घर मिळणार नाही आणि कोणाचं जाणारही नाही. नंबर टाकायचेत तर आपल्या हातातल्या नकाशावर टाका. घर कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न फॉर्ममधून काढूनच टाका, तुमच्या स्टुडिओला त्याचं करायचंय काय?

यावर "सर, एवढा वेळ नाहीये" हे उत्तर हमखास येतं. वेळ नाही तर वस्ती घेऊ नका. बसस्टॉप घ्या, मंडई घ्या, शाळेबाहेरचा फुटपाथ घ्या, शिकण्यासारखं तिथंही ढीगभर आहे. एआयकडून चाळीस प्रश्न काढायचे, कोबोवर (मोबाइलवरच्या सर्व्हेचं अ‍ॅप) फॉर्म चढवायचा आणि एका दुपारीत शंभर घरं "कव्हर" करायची, याला मी तरी सर्व्हे म्हणत नाही.

आपली पोरं दुभाषी, त्यांची पोरं डिझायनर

हे कोणी ठरवून करत नाही, आपोआप होतं. आपला मुलगा दिवसभर भाषांतर करतो, रिक्षावाल्याशी वाद घालतो, कमी तिखट जेवण शोधतो, आणि रात्री ग्रुप बसतो तेव्हा त्याला झोप येते. मग ड्रॉइंग कोण करणार? मी भाषांतराला सिनियर बॅचची वेगळी पोरं घेतो आणि त्यांना मानधन देतो, बजेटमध्ये त्याची ओळ पहिली लिहितो. आणि आपल्या लोकांनो, ज्यूरीत, म्हणजे शेवटच्या सादरीकरणात, गप्प बसून नंतर जिन्यात मराठीत "यांना काही कळत नाही" म्हणायचं हे बंद करा, तिथंच बोला, त्यांना राग येत नाही.

एफएसआयची, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं त्या आकड्याची, तुलना करू नका. जर्मनीत त्याच्यासारखा जीएफझेड असतो, त्यात मुळात पूर्ण मजलेच धरतात. आपल्याकडे २०२० च्या यूडीसीपीआरमध्ये (राज्याची बांधकाम नियमावली) बेसिक, वर पैसे भरून प्रीमियम, वर टीडीआर म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकामहक्क, त्यावर अ‍ॅन्सिलरी. दोन्ही शीटवर २.० लिहिलं म्हणून बिल्डिंगा सारख्या होत नाहीत. चौरस मीटर आणि माणसं लिहा, भांडण मिटतं.

बाकीच्या भराभर. त्यांचं घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, म्हणजे साडेचार तासांचा फरक साडेतीन होतो आणि उलट, त्या सोमवारी अर्धा ग्रुप झूमवर एकटाच बसलेला असतो. नकाशाची फाइल पाठवताना प्रोजेक्शन लिहा, पुणे यूटीएम या नकाशा-पद्धतीच्या ४३ व्या पट्ट्यात येतं, त्यांचं डिफॉल्ट ३२, न बघता लेयर टाकला की येरवडा भलतीकडेच उगवतं. ड्रोन घेऊन या असं पाहुण्यांना चुकूनही सांगू नका, फेब्रुवारी २०२२ पासून आयातीवर बंदी आहे आणि लोहगावला एअरफोर्स आहे. ज्या हॉस्टेलवर उतरवाल त्यांना २४ तासांत परदेशी पाहुण्यांची ऑनलाइन माहिती द्यावी लागते, ती दिली का ते स्वतः विचारा. क्रेडिटचं निघायच्या आधी लेखी घ्या. त्यांचा एक ईसीटीएस (युरोपातलं क्रेडिट) म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, आपलं गणित वेगळं, आल्यावर एचओडींच्या केबिनबाहेर उभं राहून काही होत नाही.

आणि डेटा! सगळं त्यांच्या युनिव्हर्सिटीच्या ड्राइव्हवर असतं, पोरं पास आउट झाली की अकाउंट बंद, लिंक मेली. मग पुढच्या वर्षीची बॅच त्याच गल्लीत जाऊन त्याच बायकांना तेच विचारते, "तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?" त्यांनी तरी किती वेळा सांगायचं? पाहुण्यांना एअरपोर्टला सोडायच्या आदल्या दिवशी हार्ड डिस्कवर सगळी कॉपी घ्या, उघडते का तेही बघा, आणि लोकांची नावं, फोन नंबर काढून टाकूनच ती लायब्ररीत जमा करा.