हेरकथेतील सूड कसा लिहावा

दहशतवादाचा माग काढणारा गुप्तवार्ता अधिकारी आणि त्याच्या मनात धुमसणारा सूड अशी पुण्यात घडणारी कथा लिहायची असेल, तर आधी त्या अधिकाऱ्याचे अधिकार नीट ठरवावेत. आयबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुप्तवार्ता विभागाच्या, अधिकाऱ्याला कोणालाही अटक करता येत नाही. तो माहिती मिळवतो, पडताळतो आणि एटीएसला (राज्य पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकाला) किंवा २००८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या एनआयएला (राष्ट्रीय तपास संस्थेला) कळवतो. त्याच्या हाती थेट बेड्या देऊ नयेत, कारण सुडाने पेटलेल्या माणसाचे हात बांधलेले असणे हेच अशा कथेचे बळ असते.

स्फोट कल्पित असावा. पुण्यातील जर्मन बेकरीत १३ फेब्रुवारी २०१० रोजी झालेल्या बॉम्बस्फोटात १७ जणांचा बळी गेला. त्यांच्यापैकी कोणाला नायकाचे नातेवाईक करणे मला अत्यंत गैर वाटते.

सूड गोळीबारातून दाखवण्याऐवजी अहवालातून दाखवावा. धाकटी बहीण गमावलेला अधिकारी रात्री टेबलाशी बसला आहे आणि खबऱ्याने संशयिताच्या कात्रजमधील भाड्याच्या खोलीचा पत्ता दिला आहे, असे समजा. तो पत्ता लिहितो, खोडतो, नवा कागद घेऊन ‘ठावठिकाणा अद्याप समजलेला नाही’ असे लिहितो, सही करतो आणि पत्त्याची चिठ्ठी खिशात घालतो. या प्रसंगाला दोन पाने दिली तरी ती जास्त होणार नाहीत. त्या खोलीवर पाळत राहिली असती, तर पैसे पुरवणारा आणि सिम कार्डे आणून देणारा हे दोघेही हाती लागले असते. आता ते निसटतात, आणि खबऱ्या उघडा पडतो. लपवलेल्या एका ओळीची किंमत दुसऱ्याच माणसाने मोजली, हे वाचकाला स्पष्ट दिसले पाहिजे.

समोरचा माणूसही आपल्या कृत्याला सूडच म्हणतो, हे विसरू नये. निवृत्त लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांची १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात हत्या झाली, ती ऑपरेशन ब्लू स्टारचा, म्हणजे अमृतसरच्या सुवर्णमंदिरात १९८४ साली झालेल्या लष्करी कारवाईचा, सूड म्हणूनच. खलनायकाचे म्हणणे त्याच्याच तोंडून पूर्ण येऊ द्यावे, मात्र लेखकाने त्याची वकिली करू नये.

पाठलाग थोडक्यात आटोपावा. चिठ्ठी अखेर वरिष्ठांच्या टेबलावर यावी, पण खबऱ्याचा जीव गेल्यावर. आणि ‘साहेब, हा पत्ता माझ्याकडे आधीपासून होता’ या वाक्यापलीकडे नायकाला कोणतेही स्पष्टीकरण देऊ देऊ नये.