लांबच्या कार प्रवासात पोरांना टॅब द्यायचाय? मग आधी एवढी तयारी करा

गाडीत नेट चालेल या भरवशावर निघू नका, रेंज गेली की पोरं भोकाड पसरणारच. कार्टून, गोष्टी, गेम सगळं आदल्या रात्री वायफायवर डाउनलोड करा आणि मग टॅब फ्लाइट मोडवर टाकून एकेक उघडून बघा, कारण बरेच गेम नेटशिवाय सुरूच होत नाहीत. प्रवासातही फ्लाइट मोडच ठेवा, बॅटरी जास्त पुरते.

वायर लावूनही बॅटरी उतरतेच अशी बऱ्याच जणांची तक्रार असते. गाडीतल्या साध्या यूएसबी पोर्टमधून कितीदा फक्त अडीच वॅट मिळतात आणि टॅबला 10 वॅट तरी लागतात, मग होणार कसं? 12 व्होल्टच्या सॉकेटमध्ये बसणारा 20 वॅटचा चार्जर घ्या.

आता गाडी लागण्याचं. हा त्रास 2 ते 12 वयात जास्त होतो आणि मांडीवर टॅब घेऊन मान खाली घातली की हमखास वाढतो, कारण कान सांगतो आपण हलतोय आणि डोळ्यांपुढची स्क्रीन मात्र जागच्या जागी. म्हणून पुढच्या सीटच्या मागे होल्डर लावा, स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत येईल असा आणि घट्ट, कारण सुटा टॅब जोरात ब्रेक लागला की उडून कोणालाही लागू शकतो. वळणावळणाचा रस्ता आला की स्क्रीन बंद, ऑडिओ गोष्टी चालू. बडबडं पोरगं एकदम गप्प झालं, जांभया द्यायला लागलं, चेहरा पांढरा पडला तर उलटीची वाट बघू नका, लगेच टॅब काढा, काच खाली करा आणि लांब समोर बघायला सांगा.

खरं तर माझ्या मते ऑडिओ गोष्टींनीच सुरुवात करावी, त्या सगळ्यांना मिळून ऐकता येतात. टॅब पोरं कंटाळल्यावरच बाहेर काढा, निघाल्या निघाल्या हातात दिलात तर पुढे तुमच्याकडे काहीच उरत नाही. 2 वर्षांखालच्या बाळाला मात्र स्क्रीन नकोच, जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये तसंच सांगितलंय.

हेडफोन मुलांचेच घ्या, 85 डेसिबलची मर्यादा असलेले, आणि शक्यतो वायरचे म्हणजे चार्जिंगची कटकट नाही. दोन पोरं असतील तर एका टॅबला दोन हेडफोन जोडणारा एक स्प्लिटर घेऊन ठेवा, भांडणं वाचतात.

आणि जेवायला थांबलात तर टॅब सोबत न्या. उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते, बॅटरीची वाट लागते.