काप-फेराचा फेरा: सोप्या वाटेवर होणाऱ्या या चुका टाळा

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, नीस आणि मोनॅको यांच्या दरम्यान, काप-फेरा नावाचे भूशिर भूमध्य समुद्रात घुसले आहे. (नावातला ‘फेरा’ हा निव्वळ योगायोग, पण मराठी माणसाच्या लक्षात राहण्याजोगा.) त्याच्या कडेकडेने जाणारी पायवाट सोपी म्हणून ओळखली जाते आणि ते खोटे नाही: चढ बेताचा आहे व समुद्र सतत एका हाताला असल्याने वाट चुकण्याचा प्रश्न सहसा येत नाही. तरीही येथे फजिती होते, ती बहुधा ‘सोपी’ या एका शब्दावर विसंबून निघाल्यामुळे.

एकाच नावाखाली येथे तीन निरनिराळ्या वाटा मोडतात, हे अनेकांना तेथे पोहोचल्यावर कळते. शेजारच्या बोल्यू गावाहून भूशिरावरच्या सँ-जाँ गावाकडे जाणारा, फ्रान्सचे माजी पंतप्रधान मोरिस रूव्हिए यांच्या नावाचा रस्ता सपाट असून वृद्धांना आणि लहान मुलांच्या ढकलगाडीलाही चालतो. पूर्वेकडच्या सँतोस्पीस टोकाची लहान फेरी तासाभरात आटोपते. दीपगृहाला वळसा घालणारी मोठी फेरी मात्र सुमारे 5 ते 6 किलोमीटरांची आहे. तिच्यात पायऱ्या आहेत, खडबडीत कातळ आहे आणि कित्येक ठिकाणी कठडा नाही. पहिल्या वाटेचे फोटो पाहून आजीआजोबांना तिसरीवर नेणे ही येथली सर्वांत नेहमीची चूक होय. आईवडील बरोबर असतील तर बोल्यू स्थानकावर उतरून रूव्हिए रस्ता धरावा, बंदरापाशी कॉफी घ्यावी आणि बाकीच्यांनी तेथून पुढे जावे.

कोकण किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाची चूक वेगळी असते. समुद्राकाठी जायचे म्हटले की तो आधी भरती-ओहोटीची वेळ पाहतो, कारण मुंबईला मोठ्या उधाणात पाणी 5 मीटरांच्या आसपास चढते. भूमध्य समुद्राला अटलांटिकशी जोडणारी जिब्राल्टरची सामुद्रधुनी अरुंद असल्याने येथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम वीतभर असतो आणि म्हणून समुद्र तळ्यासारखा निरुपद्रवी वाटतो. येथे धोका वाऱ्याचा आहे. दूरवर घोंघावणाऱ्या वाऱ्याने उठलेल्या लाटा, स्थानिक आकाश निरभ्र असतानाही, टोकाच्या कातळावर आदळून वाटेवर येतात. त्यामुळे भरतीचे वेळापत्रक बाजूला ठेवून वारा व लाटांचा अंदाज पाहावा. फ्रेंच हवामान खाते किनाऱ्यावरील लाटांसाठी पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे देते. वाटेच्या तोंडाशी ती बंद असल्याची पाटी दिसली, तर ‘जरा पुढे जाऊन पाहू’ हा मोह आवरावा. अशा दिवशी टेकडीवरचा एफ्रुसी वाडा आणि त्याच्या बागा पाहाव्यात. त्या उंचावरून दोन्ही बाजूंचा समुद्र दिसतो.

उन्हाच्या बाबतीत ‘आम्हाला सवय आहे’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो. आपण उन्हाळ्यात दुपारी घरात बसतो, ही सवय येथे आपण विसरतो. शिवाय उन्हाळ्यात फ्रान्समधील घड्याळ एक तास पुढे केलेले असल्यामुळे जुलैत सूर्य माथ्यावर येतो तो 12 वाजता नव्हे, तर साधारण दीड वाजता. साहजिकच चार वाजता ‘ऊन उतरले’ असे समजून निघालेला माणूस भर उन्हात सापडतो. दक्षिण टोकाशी सावली जवळजवळ नाही आणि पांढऱ्या चुनखडीवरून परावर्तित झालेला उजेड टोपीच्या खालून चेहऱ्यावर येतो. उपाय साधा आहे: सकाळी लवकर पश्चिम किनाऱ्यावरच्या पासाब्ल पुळणीच्या बाजूने सुरुवात करावी. त्या वेळी पश्चिम बाजू टेकडीच्या सावलीत असते. वाटेत पाणी मिळेल असे गृहीत धरू नये. माणशी दीड लिटर तरी गावातूनच भरून घ्यावे.

पादत्राणांविषयी थोडक्यात. रबरी चपला कोरड्या वाटेवर चालतात, परंतु वर्षानुवर्षांच्या वर्दळीने गुळगुळीत झालेल्या पायरीवर लाटेचा शिंतोडा पडला की त्याच चपलेचा तळवा साबणासारखा सरकतो. पकड असलेले साधे बूट पुरेत, गिर्यारोहणाचे जड बूट नकोत.

पोहण्यासाठी मधल्याच कातळावरून उडी मारणे टाळावे. खडकांना काटेरी सागरी अर्चिन चिकटलेले असतात, त्यांचे काटे तळव्यात मोडतात आणि उरलेली फेरी लंगडत पुरी करावी लागते. काही दिवशी जांभळट जेलीफिशही किनाऱ्यालगत येतात. पासाब्ल किंवा पूर्वेकडची पालोमा या पुळणींवर सहज पाण्यात उतरता येते. पाय मुरगळलाच, तर ‘पुढे रस्ता लागेल’ या आशेवर चालत राहू नये, कारण वर रस्त्याकडे जाणाऱ्या वाटा थोड्या आहेत आणि बंगल्यांची फाटके खासगी असतात. दीपगृह जवळ असेल तर तेथून वर चढावे, नसेल तर 112 वर फोन करावा. कोणी समुद्रात संकटात असेल, तर फ्रान्समध्ये सागरी बचावासाठी 196 हा क्रमांक आहे.