बारावीनंतर वर्दी घालायची असेल तर

दहावीचा निकाल लागला की मालवण-देवगडच्या पट्ट्यातून मुलं आणि त्यांचे आईवडील माझ्याकडे येऊ लागतात. "काका, नेव्हीत जायचं म्हणतोय, काय करावं?" मी नौदलात नौसैनिक म्हणून भरती झालो, ओडिशातल्या आयएनएस चिल्कावर घडलो, आणि निवृत्त होऊन गावी आल्यापासून मुलांची तयारी करून घेतो. आलेल्या प्रत्येकाला मी आधी विचारतो, अकरावीला विषय कुठले घेणार? वर्दीची दारं बारावीनंतर उघडतात हे खरं, पण त्यातली बरीचशी अकरावीच्या प्रवेश अर्जावरच बंद झालेली असतात.

एनडीएच्या, म्हणजे सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, लष्करी शाखेला कुठल्याही शाखेची बारावी चालते. नौदल आणि हवाई दलासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं. नौदलातला एसएसआर अग्निवीर (बारावीच्या पात्रतेवर चार वर्षांसाठी घेतलेला नौसैनिक) आणि तटरक्षक दलातला नाविक जनरल ड्यूटी यांनाही बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. गणिताच्या धास्तीने आर्ट्सला गेलेल्या मुलाला मुख्यतः दहावीच्या पात्रतेवरच्या जागा उरतात: लष्करात जनरल ड्यूटी, नौदलात एमआर (मॅट्रिक रिक्रूट), तटरक्षक दलात डोमेस्टिक ब्रँच (स्वयंपाकी, वाढपी अशी कामं). त्या नोकऱ्याही मानाच्याच आहेत. पण गणित जमत असताना केवळ मित्र गेले म्हणून दुसरीकडे जाऊ नका, एवढं मी हात जोडून सांगतो.

दुसरी अट वयाची. एनडीएचा कोर्स सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीसच्या दरम्यान हवं. परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, म्हणजे हिशेबाने मोजक्याच संधी हाती येतात. बारावीत शिकत असतानाच अर्ज करता येतो, त्यामुळे पहिली संधी बारावीच्या वर्षातच घ्यावी. 'आधी बारावी होऊ दे, मग बघू' म्हणणाऱ्या घरांत एक-दोन संधी नुसत्या वाहून जातात.

लेखी परीक्षा ९०० गुणांची. गणिताला ३००, सामान्य क्षमतेला ६००. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात, म्हणून अंदाजपंचे गोळे भरण्याची सवय आधी मोडावी लागते. सामान्य क्षमतेत इंग्रजी २०० गुणांचं आहे आणि आमची मुलं अडतात ती तिथेच. रोज इंग्रजी वर्तमानपत्राचं एक पान मोठ्याने वाचायचं, पडवीत बसून, घरचे ऐकताहेत म्हणून न लाजता. सहा महिन्यांत जिभेचा अडखळा जातो.

त्यानंतर एसएसबी, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाची मुलाखत, ती आणखी ९०० गुणांची. इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण खरी गळती इथेच होते. पाच दिवसांचा हा मुक्काम असतो आणि पहिल्याच दिवशी चाळणी लागते. एक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवतात, चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची. मग गटात बसून ती सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. गटात दिल्ली-डेहराडूनकडची मुलं भराभरा बोलतात आणि आपला मुलगा मान खाली घालून बसतो. आवाज चढवायची काही गरज नसते. आपली गोष्ट मिनिटभरात स्पष्ट सांगायची, दुसऱ्याचं ऐकायचं आणि एखादा गप्प राहिला असेल तर त्याला बोलायला जागा करून द्यायची.

पुढच्या मानसशास्त्रीय चाचणीत साठ शब्द येतात, प्रत्येकाला पंधरा सेकंद. शब्द दिसला की मनात आलेलं वाक्य लिहायचं. क्लासमध्ये पाठ केलेली वाक्यं तिथे तग धरत नाहीत. देवगडकडचा एक मुलगा सरावात प्रत्येक चित्रावर सीमेवरच्या शूर मेजरची गोष्ट लिहायचा. मी त्याला म्हटलं, तू बापाबरोबर मासेमारीला जातोस ना, मग भर समुद्रात इंजिन बंद पडलं तेव्हा काय केलंत ते लिही. त्याने लिहिलं: नांगर टाकला, शेजारच्या होडीला हाक दिली, आणि मदत येईपर्यंत बाप इंजिनाशी झटत होता तेव्हा हा पाणी उपसत होता. निवड मंडळ शोधत असतं तो हाच माणूस. पुराच्या रात्री शेजारच्या आजीला उचलून आणणं किंवा जत्रेत पार्किंग सांभाळणं ही तुमचीच शिदोरी आहे, ती लिहा. एनडीएसारख्या एखाद्या प्रवेशासाठी पहिल्यांदाच एसएसबीला जाणाऱ्याला रेल्वेचं थर्ड एसीचं भाडं परत मिळतं, तेव्हा खर्चाकडे बघून घरी बसू नका.

मुलींच्या आयांना मुद्दाम सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर एनडीए मुलींना खुली झाली आणि मे २०२५ मध्ये पहिल्या १७ मुली तिथून बाहेर पडल्या. दहावीनंतर मुलांसाठी एनडीएची तयारी करून घेणारी छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. राज्य सरकारने ती १९७७ साली काढली. मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकला आहे. जेईई मेनची तयारी चालूच असेल, तर त्याच परीक्षेतल्या क्रमांकावर एसएसबीचं बोलावणं येतं, आणि ती पार केली की केरळमधल्या एझिमलाच्या नौदल अकादमीत बी.टेक. करत अधिकारी होता येतं. हा रस्ता आमच्याकडे फारच थोड्यांना ठाऊक आहे.

अग्निवीर व्हायचं तर घरात आधी पैशाचं बोलून घ्या. नोकरी चार वर्षांची. ही अग्निपथ योजना २०२२ साली जाहीर झाली तेव्हाच्या आकड्यांनुसार पहिल्या वर्षी महिना ३०,००० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले ३० टक्के सेवानिधीला, म्हणजे शेवटी एकरकमी मिळणाऱ्या बचतीला, कापले जातात आणि तेवढीच भर सरकार घालतं. शेवटी व्याजासह साधारण ११.७१ लाख हाती येतात. पेन्शन नाही. कायम होतात ते जास्तीत जास्त २५ टक्के. म्हणून जाणाऱ्याने पहिल्या वर्षापासून पुढच्या पदवीचा विचार सोबत ठेवावा. चार वर्षांनी तेविशी-चोविशीत परत आलेल्या मुलाला घरच्यांनी 'काढून टाकलं' म्हणू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तटरक्षक दलाला अग्निपथ लागू नाही, तिथली नाविकाची नोकरी कायम स्वरूपाची आहे. वय १८ ते २२. किनाऱ्यावरच्या मुलांनी या भरतीकडे सगळ्यात आधी बघावं असं माझं मत आहे. समुद्रात अडकलेल्या मच्छीमारांना सोडवायचं काम ज्या दलाकडे आहे, त्यात मच्छीमारांची मुलं असायलाच हवीत.

शरीराचं म्हणाल तर नौदल, तटरक्षक, लष्कर, सगळीकडे १.६ किलोमीटरची धाव आहे. पुळणीवर पळून पोटऱ्या घट्ट होतात, पण वेळ मोजायची ती कातळसड्यावर किंवा रस्त्यावर, बूट घालून. समुद्रात वाढलेल्या पोरांना पोहण्याची भीती नसते, पण तलावाच्या गोड्या पाण्यात अंग तितकं तरंगत नाही आणि तिथे पद्धतशीर हात मारावे लागतात. शक्य असेल तर आधीच तलावात सराव करा. डोळे, दात, कान आणि रंगांधत्व ही तपासणी अकरावीतच करून घ्या. रंगांधत्व निघालं तर नौदलाच्या मागे वर्षं घालवण्यात अर्थ नाही.

आता परदेशी सैन्याबद्दल. मोबाइलवर फ्रेंच फॉरेन लीजनचे व्हिडिओ बघून येणारी मुलं वाढली आहेत. लीजन परदेशी माणसांना घेते हे खरं आहे. पण भरती फक्त फ्रान्समध्ये होते, त्यासाठी एक पैसा लागत नाही, आणि पहिला करार पाच वर्षांचा असतो. म्हणजे 'लीजनमध्ये लावतो' म्हणून पैसे मागणारा एजंट फसवतोच आहे. अमेरिकेच्या सैन्यात जायला ग्रीन कार्ड लागतं. ब्रिटिश लष्करात राष्ट्रकुलातल्या नागरिकांना अर्ज करता येतो, पण जागा मर्यादित. शिवाय दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की १९५५ च्या कायद्याप्रमाणे भारताचं संपतं. अलिबागकडचे बेने इस्रायली ज्यू लोक इस्रायलला गेले, त्यांची मुलं-मुली तिथल्या सक्तीच्या सैन्यसेवेत जातात, कारण तो आता त्यांचा देश आहे. आपलं तसं नाही. रशियात मदतनीसाची नोकरी म्हणून नेलेले भारतीय तरुण युद्धाच्या आघाडीवर पोचले, काही मेले, आणि २०२४ मध्ये सीबीआयला गुन्हा नोंदवावा लागला. दुसऱ्याच्या युद्धात आपलं पोर पाठवू नका.

परदेश बघायचाच असेल तर मर्चंट नेव्ही आहे. ती व्यापारी जहाजांवरची नोकरी, सैन्याशी तिचा संबंध नाही. आयएमयू-सीईटी ही भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा द्या, संस्था नौवहन महासंचालनालयाने मान्य केलेली आहे का ते त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः बघा, आणि जहाजावर पाठवणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा सरकारी परवाना, आहे का ते तपासा. जहाजावर लावण्यासाठी रोख मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

राहिली कागदपत्रं. आमच्याकडे एकाच मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर 'गावकर' असतं आणि आधारवर दुसरंच आडनाव. मुंबईत जन्मलेल्या चाकरमान्यांच्या मुलांची जन्मनोंद एकीकडे आणि अधिवास दुसरीकडे. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर आधारशी जुळलीच पाहिजे. दुरुस्तीला तहसील आणि शाळा मिळून दोन-तीन महिने सहज जातात. एनडीएची जाहिरात साधारण डिसेंबरात आणि मे महिन्यात येते, त्यामुळे गणपतीला सगळे घरी जमतात तेव्हाच दाखले काढून एकमेकांशी ताडून बघा. चूक सापडली तर सण संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तालुक्याला जा.